तुमचं 'तैया तै' वेगळं, तिचं वेगळं

पत्र

ताई, मी देवगड तालुक्यातल्या समुद्रकाठच्या एका गावात राहते. वय 42. आमच्या हायस्कुलाच्या हॉलमध्ये गावच्या संस्थेतर्फे शनिवार-रविवार भरतनाट्यमचा वर्ग चालतो. बाई कणकवलीहून एसटीने येतात. फी परवडण्यासारखी आहे, त्यामुळे सगळ्या वाड्यांतली मुलं येतात. माझी मुलगी 10 वर्षांची. दोन वर्षं जाते आहे आणि आता सोडायचं म्हणते. दोन वर्षांत नुसतं 'तैया तै', गाणं एकही नाही. गॅदरिंगला दुसऱ्या मुली सिनेमाच्या गाण्यावर नाचून बक्षीस घेऊन गेल्या, तेव्हापासून तर फारच. कधी कधी नडगी दुखते म्हणते, पण ते मला निमित्त वाटतं.

यंदा जूनपासून मोठ्यांसाठीही वर्ग निघतोय. मला लहानपणी नाच शिकायचा होता, वडिलांनी पाठवलं नाही. मी नाव दिलं. ते कळल्यावर लेक रडायला लागली. "तू आलीस तर मी येणारच नाही." सासूबाई म्हणाल्या, "आता ह्या वयात नाचूक जातलंस? लोक काय म्हणतले?" यजमान काहीच बोलत नाहीत. माझा उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो. मी नाव मागे घेऊ का? आणि लेकीला वर्ग सोडू देऊ का?

— एक आई

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ओळीवर अडले. 'नडगी दुखते म्हणते, पण ते मला निमित्त वाटतं.' लेकीचं रडणं, सासूबाई, तुमचं नाव, सगळ्याबद्दल बोलू. आधी नडगी.

आज संध्याकाळी लेकीला पलंगाच्या कडेला बसवा, पाय मोकळे सोडायला सांगा आणि म्हणा, नक्की कुठे दुखतं ते दाखव. तिने नडगीच्या आतल्या कडेवरून तळवा वरखाली फिरवला आणि 'इथून इथपर्यंत' म्हणाली, तर बहुतेक कडक जमिनीवर पाय आपटून आपटून आलेलं ते दुखणं आहे. काही आठवडे उड्या आणि जोराचे पाय मारणं बंद ठेवलं, पोटऱ्या नीट ताणून घेतल्या की ते उतरतं. पण तिने एकच बोट एकाच जागी ठेवलं, तिथे दाबल्यावर कळवळली, सूज दिसली, लंगडायला लागली, किंवा नाचत नसतानाही तिथेच दुखत असलं, तर हाडाच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तिला पुन्हा नाचायला उभी करू नका. हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते, आणि ती सुरुवातीच्या एक्सरेत कधी कधी दिसतही नाही. म्हणून डॉक्टरांना 'पाय दुखतो' एवढंच सांगून भागणार नाही. 'दोन वर्षं अनवाणी, फरशीवर, पाय आपटायचा नाच शिकते' हे पूर्ण वाक्य सांगा.

मुलं कंटाळली की निमित्तं काढतात, हे मी तीस वर्षं बघत आले. वर्ग चुकवायचा असला की पोटात दुखतं, डोकं दुखतं, गृहपाठ राहिलेला असतो. नडगी मात्र पोराला आपणहून सुचत नाही. नडगी म्हणणारी मुलगी बहुधा खरं बोलत असते.

आता तिला समोर अरैमंडीत उभी करा. अरैमंडी म्हणजे टाचा जवळ, पावलं बाहेरच्या बाजूला, गुडघे वाकवलेले, पाठ ताठ. भरतनाट्यमची निम्मी इमारत या बैठकीवर उभी असते. तुम्ही फक्त गुडघे बघा. गुडघा पावलाच्या बोटांच्या रेषेत, बोटांच्या वर येतोय का? की पावलं जोर लावून बाहेर फिरवली आहेत आणि गुडघे मात्र आतल्या बाजूला पडताहेत? तसं असेल तर पाय खुब्यापासून फिरण्याऐवजी घोट्यापाशी पिळला जातोय. त्याचा भार गुडघ्याच्या आतल्या बाजूवर आणि नडगीवर येतो. उपाय साधा आहे. पावलं थोडी कमी बाहेर, बैठक थोडी कमी खोल. अरैमंडी उथळ दिसेल, दिसू दे. 10 वर्षांच्या मुलीच्या खुब्याला जेवढं फिरता येतं तेवढंच फिरवायचं. बाकीचं सरावाने हळूहळू येतं, आणि काहींना कधीच पुरतं येत नाही, तरी त्या छान नाचतात.

मग जमीन. हायस्कुलाचा हॉल म्हणजे शहाबादी नाहीतर टाइल्स, आणि खाली काँक्रीट. ही जमीन पायाला काही परत देत नाही. पाय आपटला की सगळा दणका हाडात. देवळाच्या लाकडी माडीवर किंवा शेणाने सारवलेल्या खळ्यात नाचून बघा, पायाला फरक लगेच कळतो. नाचाची चांगली जमीन लाकडाची असते, आणि लाकडाखाली पोकळी असते. तुमच्या संस्थेला एवढा खर्च झेपणार नसेल तर हॉलच्या एका भागापुरत्या जाड वॉटरप्रूफ प्लायच्या फळ्या, खाली लाकडी पट्ट्या आणि रबराचे तुकडे, एवढं तरी करता येतं. साधा प्लाय नको. आपल्याकडचा पाऊस त्याला दोन वर्षांत फुगवून टाकेल. सांधे सपाट हवेत, नाहीतर अंगठा अडकून पोर तोंडावर पडेल. होड्या बांधणारे सुतार तुमच्याच किनाऱ्यावर आहेत. पाणी आणि लाकूड यांचं नातं त्यांच्याइतकं कोणाला कळतं? चटई किंवा सतरंजी मात्र अंथरू नका, ती सरकते. जून ते सप्टेंबर दाराशी कोरडं पोतं आणि पाय पुसायला फडकं हवंच. दमट टाइलवर ओला पाय म्हणजे घसरणं आलंच.

हे सगळं बाईंशी बोला. पण बोलायला जाताना तक्रार घेऊन जाऊ नका. त्या बाईंची मला कल्पना करता येते, कारण मीही बरीच वर्षं असे वर्ग घेतले आहेत. शनिवारी दुपारची एसटी पकडायची, हॉलची किल्ली ज्यांच्याकडे त्यांना शोधायचं, 6 वर्षांपासून 15 वर्षांपर्यंतची पोरं एकाच तासाला समोर. अशा वेळी हातातली तट्टकळी, म्हणजे ताल द्यायची लाकडी काठी, पाटावर वाजवत सगळ्यांना एकच 'तैया तै' देण्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. आळस म्हणू नका याला, वर्गच तसा बांधलेला आहे. संस्थेने मुलांचे दोन गट पाडले आणि बाईंना त्याप्रमाणे मानधन दिलं तर निम्मे प्रश्न तिथेच मिटतील. लहान गटाला पाऊण तास पुरे. तुमच्या लेकीच्या गटाला एक तास. आणि मुलांच्या वेळी एखादी पालक बाई दाराशी बसलेली असावी, शिक्षक कितीही विश्वासाच्या असल्या तरी. अंगाला हात लावून बैठक सुधारायची तर आधी पोराला विचारावं, हा नियमही पहिल्या दिवसापासून असलेला बरा.

'दोन वर्षं नुसतं तैया तै' याबद्दल मला दोन्ही बाजूंनी बोलायचं आहे.

अडवू म्हणजे या नाचाची मूळ पावलं. तट्टडवू म्हणजे उभ्या जागी पाय मारायचे अडवू, आणि 'तैया तै' हे त्यातल्या पहिल्याचे बोल. दिसायला काहीच नाही. पण त्यात पोर एकाच वेळी चार गोष्टी शिकत असतं. बैठक मोडू द्यायची नाही, पूर्ण पाऊल सपाट मारायचं, ताल सोडायचा नाही, आणि तेच पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या काळात, म्हणजे दुप्पट आणि चौपट वेगात, चेहरा न आवळता करायचं. तिसऱ्या काळात ज्यांचे पाय स्वच्छ वाजतात त्यांना पुढचं सगळं सोपं जातं. घाई करून जे पुढे जातात ते पाच वर्षांनी मागे येऊन इथेच अडखळतात. तेव्हा बाई जे देताहेत ते फुकट नाही.

तरीही 8 ते 10 या वयात दोन वर्षं केवळ पाय मारून घेणं मला पटत नाही. या वयाला गोष्ट हवी असते. असंयुत हस्त 28 आहेत. एका हाताने करायच्या या मुद्रांतली एक घेऊन तिच्यातून झाड, पक्षी, दार, चंद्रकोर काढून दाखवली तर वर्गातलं सगळ्यात चुळबुळं पोरही गप्प बसून बघतं. मी पताक ही मुद्रा शिकवताना हात आडवा धरून लाटा करायला सांगायचे. दर्याकाठची पोरं लगेच म्हणायची, बाई, ही भरतीची लाट, ही ओहोटीची, आणि दोन्ही वेगळ्या करून दाखवायची. पुस्तकात हा फरक नाही, तो त्यांच्या डोळ्यांत होता. वर्षातून एखादा छोटा श्लोक, एखादं चार ओळींचं पद, त्यावर हात आणि चेहरा, एवढं मिळालं असतं तर तुमची लेक आज 'गाणं एकही नाही' म्हणाली नसती. बाईंना हेच विचारा, 'या मुलींना पुढच्या सहा महिन्यांत एखादी छोटी रचना बसवाल का?' शिकवणाऱ्या बाईला असं नेमकं मागितलं की ती नाही म्हणत नाही. उलट तिला बरं वाटतं.

सिनेमाच्या गाण्यावर नाचायचं असेल तर नाचू दे. त्यात बिघडत काही नाही. शास्त्रीय शिकणाऱ्या पोराने गॅदरिंगला ठेका धरला म्हणजे पाप केलं, असं मानणारे शिक्षक मी पाहिलेत आणि त्यांची पोरं चोरून नाचतात हेही पाहिलंय. फरक एवढाच की तो नाच पंधरा दिवसांत बसतो आणि फेब्रुवारीत विसरला जातो. तो तिथे चालतो, कारण त्याचं काम तेवढंच आहे. शनिवारचा वर्ग मात्र गॅदरिंगची तालीम होऊ नये. एकदा संस्थेने 'निदान बक्षीस मिळेल असं काहीतरी बसवा' म्हटलं की वर्ग संपला. मग ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत चार गाणी, पुढच्या रांगेत चार गोऱ्या, चुणचुणीत मुली आणि मागच्या वाडीतली पोरं पडद्याआड. हे मी होताना पाहिलंय. संस्थेत तुमचा शब्द चालत असेल तर हे होऊ देऊ नका.

परीक्षांचंही तसंच. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा पायऱ्या आहेत, पुढे विशारद आणि अलंकार. ठराविक परीक्षा दिल्या असतील तर दहावीला वाढीव गुणही मिळतात. द्यायला हरकत नाही, परीक्षा पोराला एक टप्पा देते. पण 10 वर्षांच्या मुलीला दहावीच्या गुणांसाठी नाचायला लावू नका.

मग सोडू द्यायचं का? नडगीचं कळेपर्यंत नाच बंद, पण वर्ग बंद नको. तिने बसून हस्त करावेत, ताल मोजावा, बाईंच्या शेजारी बसून तट्टकळी धरावी. हे काम तिला आवडेल असा माझा अंदाज आहे, कारण तट्टकळी हातात आली की सगळा वर्ग आपल्या बोलावर नाचतो. मग दिवाळीपर्यंतची मुदत ठरवा. जमीन, गट, छोटी रचना, यातलं काय जमतंय ते तोवर कळेल. दिवाळीनंतर ती म्हणाली 'नको', तर नको. फी भरली, दोन वर्षं गेली, लोक विचारतील, यातलं एकही वाक्य तिच्यासमोर उच्चारू नका. तिने सोडलं तरी दोन वर्षांचा ताल तिच्या पायात राहील. तो कोणी काढून घेत नाही.

आता तुमच्याकडे येते.

तुम्ही एक वाक्य फार घाईने लिहिलंय. 'मला लहानपणी नाच शिकायचा होता, वडिलांनी पाठवलं नाही.' पंचवीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. वय 38, नोकरी करणाऱ्या. मला म्हणाल्या, शिकवाल का? मी तेव्हा त्यांना सांगितलं की आता शरीर वळायचं नाही, मुलीला पाठवा. त्यांनी मुलीला पाठवलं. मुलगी चार वर्षं आली आणि एक दिवसही मनापासून नाचली नाही. आई मात्र दाराबाहेरच्या बाकावर बसून असायची. एकदा श्रावणातल्या सरीत त्यांची पिशवी भिजली, आणि आतली वही सुकवायला त्यांनी ती उघडून पंख्याखाली ठेवली. मी सहज पाहिलं. पानापानावर पावलांची चित्रं. उजवं पाऊल लाल पेनाने, डावं निळ्याने, शेजारी बोल, आणि कुठे कुठे बारीक अक्षरात, 'इथे बाई पाठ ताठ म्हणतात'. माझ्या वर्गातल्या एकाही मुलीने अशी वही केली नव्हती. शिकवायला हवी होती ती आई, आणि मी शिकवत राहिले मुलीला. त्या चूकभूलीचं मला आजही वाईट वाटतं. मुलगी आईची इच्छा पाठीवर घेऊन नाचत होती, म्हणून तिचा पाय जड होता.

म्हणून माझं स्पष्ट सांगणं आहे की नाव मागे घेऊ नका. तुम्ही शिकायला लागलात की लेकीच्या पाठीवरचं ओझं कदाचित आपोआप उतरेल.

पण तिच्या रडण्याचाही मान ठेवा. 10 वर्षांच्या मुलीला घर, शाळा, वाडी, सगळीकडे आई असते. शनिवारचा तो तास एवढा एकच तिचा. तिथे ती चुकते, हसते, मैत्रिणीला चिमटा काढते, बाईंचा ओरडा खाते, आणि घरी यातलं काय सांगायचं ते ती ठरवते. त्या खोलीत तुम्ही शिरणार म्हटल्यावर तिला रडू आलं, यात तुमच्यावरचा राग नाही. तेव्हा मोठ्यांचा वर्ग मुलांच्या वर्गानंतर, वेगळ्या वेळी असू दे. तिचा तास संपून ती बाहेर पडली की मग तुम्ही आत जा. घरी ती सराव करत असेल तर शेजारी उभ्या राहू नका. तुम्ही तिच्याहून लवकर एखादा अडवू उचललात तरी तिला शिकवू नका. बाईंकडे तिची चौकशी करू नका. तिने आपणहून 'आई, तुझं बघू' म्हटलं तर करून दाखवा, आणि तिने चूक काढली तर ती ऐकून घ्या. तिची दुरुस्ती बरोबर असण्याची शक्यता जास्त आहे, तिच्या गाठीला दोन वर्षं आहेत.

वयाचं म्हणाल तर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा जन्म 1904 चा. भरतनाट्यम त्या तिशीच्या आसपास शिकू लागल्या, डिसेंबर 1935 मध्ये मद्रासच्या अड्यारला पहिल्यांदा रंगमंचावर आल्या आणि 1936 मध्ये त्यांनी कलाक्षेत्र ही नाचाची संस्था उभी केली. त्याआधी त्यांनी बॅले शिकलेला होता, त्यामुळे अगदी कोऱ्या पाटीने त्या आल्या नव्हत्या, हेही सांगायला हवं. पण त्या काळी त्या वयात, ब्राह्मण घरातल्या बाईने नाचाला उभं राहणं म्हणजे काय, याचा विचार करा.

आणि 'हा नाच आपला नाही, मद्रासकडचा' असं कोणी म्हटलं तर त्यांना तंजावरची आठवण द्या. तिथे मराठ्यांचं राज्य होतं. सरफोजी राजे दुसरे यांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम, वडिवेलु या चार भावांनी आजच्या भरतनाट्यमच्या कार्यक्रमाला घडण दिली, आणि त्याच दरबारात नाचासाठी मराठीत निरूपणं, म्हणजे एकाच कथेवर गुंफलेल्या नाचाच्या रचना, रचली गेली. ती मराठी निरूपणं शोधून, अभ्यासून पुन्हा रंगमंचावर आणली आचार्य पार्वतीकुमारांनी. ते मूळ मालवणचे, म्हणजे तुमच्या शेजारच्या तालुक्यातले. हे तुमच्या बाईंनाही माहीत असेल. त्यांना म्हणा, मोठ्यांच्या वर्गाला एखादं मराठी निरूपण शिकवा. शब्द कळत असले की अभिनय दुपटीने लवकर येतो.

मोठ्यांचा खरा खजिना अभिनयच आहे. मुलींना 'वाट बघणारी स्त्री' दाखवायला सांगितली की त्या कपाळावर हात आडवा धरून लांब बघतात. तुमच्या वयाची बाई नुसती दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहते आणि समोरचा समजतो. चाकरमान्याची वाट, वादळात होडीची वाट, दवाखान्याच्या बाकावरची वाट, सगळं त्या उभं राहण्यात येतं. हे मी कोणाला शिकवू शकले नाही. ते घेऊनच बाया वर्गात आल्या.

गुडघ्याबद्दल मात्र मी कडक बोलणार. जिना उतरताना दुखणारा गुडघा घेऊन खोल अरैमंडीत बसायचं नाही. आधी डॉक्टरांना दाखवा, मांडीचे व्यायाम विचारून घ्या. पहिले तीन महिने बैठक चतकोर, उड्या अजिबात नाहीत, मुळुमंडी म्हणजे पूर्ण खाली बसणं तर नाहीच. वर्गाच्या आधी दहा-पंधरा मिनिटं अंग गरम करा, थेट पाय मारायला सुरुवात करू नका. गुडघा दुखला की थांबा आणि बाईंना सांगा, शेजारणीकडे बघून रेटू नका. मोठ्यांच्या वर्गात सगळ्यात जास्त दुखापती शेजारणीकडे बघण्याने होतात. साडी नेसायची तर सरावाची आखूड, घोट्याच्या वर. नाहीतर सलवार-कुर्ता आणि ओढणी कमरेला घट्ट. घुंगरं आणायची घाई नको, वजन आधी पायाला झेपायला हवं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. शनिवार-रविवारचे दोन तास आणि घरी रोज दहा-पंधरा मिनिटं धरली की ते होऊन वर उरतं. यजमान गप्प आहेत ना, त्यांना हे एवढं सांगा. गप्प माणसाला विरोधक धरू नका. शनिवारी संध्याकाळी चहा-भाकरीचं कोण बघणार हे ठरवून घ्या, तिथेच त्यांचं मत कळेल.

सासूबाई उरल्या. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना चवथीची आठवण विचारा. तुमच्याकडे गौरी-गणपतीत बायका रात्र रात्र फुगड्या घालतात. त्या घालत होत्या की नाही? कोणाबरोबर? सगळ्यात शेवटपर्यंत कोण टिकायचं? एकदा सांगायला बसल्या की थांबायच्या नाहीत, आणि त्यांच्या त्या रात्रींत 'लोक काय म्हणतले' कुठे नव्हतं. दिवसभर शेतात राबून रात्री दशावतारात उभे राहणारे, साठी ओलांडलेले पुरुष त्यांनी आयुष्यभर पाहिले आहेत, साडी नेसून राणीचं सोंग घेणारेसुद्धा. त्यांना कोणी वय विचारलं नाही. बाईने विचारून घेतलं म्हणून प्रश्न आला. हे त्यांना तोंडावर म्हणू नका, फुगडीच्या गोष्टी संपल्या की त्यांचं त्यांनाच उमगेल. नाही उमगलं तरी तुम्ही जा. जमलं तर बाईंना सुचवा, चवथीच्या आधीचा एक रविवार फुगडीला द्या, आणि शिकवायला गावातल्या म्हाताऱ्यांना बोलवा. पायाची अदलाबदल, हातांची पकड, गिरकीचा तोल, यांतलं पुष्कळ आमच्या अडवूंना पूरक आहे, आणि ते शिकवणारी शेवटची पिढी तुमच्या ओटीवर बसलेली आहे.

एक शेवटचं, वेळापत्रकाचं. संस्थेला सांगा, मार्च ते मे मोठ्यांचा वर्ग आठवड्यातून एकच ठेवा. आंब्याची पेटी भरायची असताना कोणी बाई नाचायला येणार नाही, गैरहजेरी लागेल, आणि दोनदा चुकली की ती तिसऱ्यांदा येत नाही. पुन्हा गांधर्वच्या परीक्षांचं एक सत्र एप्रिल-मेमध्येच येतं, तुमच्यातल्या कोणाला परीक्षा द्यायची असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरचं सत्र धरा. जूनमध्ये सुरू करायचं ठरलंय ते उत्तम आहे. बागेची कामं उरकलेली, मुलांच्या शाळा लागलेल्या, आणि बाहेर पाऊस.

लेकीने बोट कुठे ठेवलं आणि डॉक्टरांनी तुमच्या गुडघ्याला काय सांगितलं, ते मला नक्की कळवा. बैठक किती खोल घ्यायची ते मी त्यावरून सांगेन.